हिवाळ्यांतील धुक्याचें छायाचित्र : तें कसें घ्यावें व कसें सुधारावें

हिवाळ्याच्या दिवसांत पहांटे उठून बाहेर पाहावें तों नेहमींचें जग नाहींसें झालेलें असतें. कालचा डोंगर जागेवर नसतो, नदी कोठून वाहते हें केवळ तिच्या आवाजावरून कळतें, आणि दारापुढील रोजचें झाड अनोळखी पाहुण्यासारखें उभें असतें. अशा वेळीं ज्याच्या हातीं कॅमेरा आहे, आणि हल्लीं तो घरोघरच्या मोबाईलमध्यें असतोच, त्याला चित्र घेण्याचा मोह आवरत नाहीं. परंतु घरीं येऊन तें चित्र पाहिलें म्हणजे बहुतेकांची निराशा होते. डोळ्यांनीं पाहिलेलें दृश्य शांत, रुपेरी व गूढ होतें. चित्रांत उतरलें तें राखेसारखें मळकट. मग कोणी तें पुसून टाकतो, कोणी यंत्रांतील कळा दाबून त्यांत भडक रंग भरतो, आणि कोणी कॅमेरा स्वस्त आहे असें म्हणून सारा दोष त्या निर्जीव वस्तूवर ढकलतो. वास्तविक धुकें म्हणजे काय, कॅमेरा त्याच्याकडे कसा पाहतो, चित्राची मांडणी कशी करावी, मागाहून त्यावर कोणते संस्कार करावे आणि कोणते करूं नयेत, एवढें नीट ध्यानीं आलें तर साध्या यंत्रानेंहि समाधानकारक चित्र घेतां येतें. हाच विचार विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें क्रमानें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम धुक्याचीच ओळख करून घेऊं. धुकें म्हणजे जमिनीस टेकलेला ढग होय. हवेंतील अदृश्य वाफ थंडीनें निवली म्हणजे तिचे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. त्यांचा व्यास एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, म्हणून ते चटकन् खालीं न पडतां हवेंत तरंगत राहतात. हवामानशास्त्रज्ञांनीं धुक्याची मर्यादाहि ठरविली आहे. समोरची वस्तु १ किलोमीटरच्या आंतच दिसेनाशी होत असेल तर तें धुकें. त्यापलीकडचें दिसत असेल तर ती नुसती धूसर हवा.

हिवाळ्यांत आकाश निरभ्र असलें आणि वारा पडलेला असला म्हणजे रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत टाकून झपाट्यानें निवते. तिला लागून असलेली हवाहि निवते, जड होते, आणि उतारावरून ओघळून दरींत सांचते. सातारा जिल्ह्यांत याचें सुंदर उदाहरण पाहावयास मिळतें. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर उंचीवर आहे, तर तिच्या पायथ्याचें वाई सुमारें ७०० मीटरांवर. खालीं कृष्णा नदी व धोम धरणाचा जलाशय असल्यामुळें हवेंत ओलाव्याचा तोटा नाहीं. म्हणून थंडीच्या सकाळीं पुष्कळदां असें दिसतें कीं, वर पांचगणीस स्वच्छ ऊन पडलें आहे आणि खालची दरी मात्र दुधानें भरलेल्या परातीसारखी पांढरी झाली आहे. पांडवगड, कमळगड यांचे माथे तेवढे बेटांसारखे वर आले आहेत. पावसाळ्यांत सह्याद्रीवर जें धुकें असतें तें याहून निराळें. समुद्रावरून आलेले ढगच तेव्हां डोंगर चढत असतात, म्हणून तें दिवसचे दिवस हटत नाहीं. हिवाळ्यांतील धुकें रात्रीं जन्मतें आणि सूर्य वर येऊन जमीन तापूं लागली कीं विरतें. ज्याला त्याचें चित्र घ्यावयाचें आहे त्यानें अंथरुणाचा मोह सोडणें ही पहिली अट आहे.

धुक्याचे थेंब तांबड्या, हिरव्या, निळ्या अशा सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. म्हणून धुकें पांढरें दिसतें. दूरच्या झाडाकडे आपण पाहतों तेव्हां दोन गोष्टी एकाच वेळीं घडत असतात. झाडाकडून येणारा प्रकाश वाटेंत विखुरला जाऊन क्षीण होतो, आणि मधल्या धुक्याचा पांढरा प्रकाश त्यांत मिसळतो. त्यामुळें काळें खोड करडें दिसतें, करडें असेल तें फिकट दिसतें, आणि अखेर वस्तु व पार्श्वभूमि यांत भेदच उरत नाहीं. या भेदाचें गणित कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं मांडलें. तें शाळेंतील मुलांसहि समजण्यासारखें आहे. समजा, धुकें असें दाट आहे कीं दर ५० मीटरांस हा भेद निम्मा होतो. मग ५० मीटरांवरील झाडाचा भेद १/२ उरेल, १०० मीटरांवरील झाडाचा १/४, २०० मीटरांवरील झाडाचा १/१६ आणि ३०० मीटरांवरील झाडाचा १/६४. मनुष्याच्या डोळ्यास साधारणतः १/५० पेक्षां कमी भेद ओळखतां येत नाहीं, असें या गणितांत धरलेलें आहे. म्हणजे ३०० मीटरांवरचें झाड असून नसल्यासारखेंच.

या लहानशा हिशेबांतून छायाचित्रकारास दोन मोठे धडे मिळतात. पहिला असा कीं, धुक्यांत दूरची वस्तु दुर्बिणीसारख्या भिंगानें जवळ ओढून कांहीं लाभ होत नाहीं. भिंग वस्तु मोठी करील, परंतु मधलें धुकें कांहीं दूर करणार नाहीं. तेथें आपले पायच उपयोगी पडतात. ५० मीटर पुढें चालत गेलें तर भेद दुप्पट होतो. दुसरा धडा असा कीं, धुकें हें अंतर मोजून दाखविणारें साधन आहे. स्वच्छ उन्हांत जवळचें झाड व दूरचें झाड दोन्हीं सारखींच गर्द दिसतात आणि चित्रांत एकमेकांवर चिकटल्यासारखीं होतात. धुक्यांत जवळचें काळें, त्यामागचें करडें, त्यामागचें रुपेरी, अशी प्रतवारी आपोआप लागते. सपाट कागदावर खोली दाखविण्याची ही युक्ति चित्रकारांस फार पूर्वींच ठाऊक होती. लिओनार्दो दा विंचीनें आपल्या टिपणांत तिचें विवेचन केलेलें आहे.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य ओळखत नाहीं. जगांतील कोणतेंहि दृश्य सरासरीनें मध्यम करडें असावें अशा अंदाजानें तो प्रकाशाचें माप ठरवितो. रस्ता, घरें, माणसें, झाडें अशा नेहमींच्या मिश्र दृश्यांत हा अंदाज बरोबर येतो. परंतु चौकटींत बहुतेक सारें शुभ्र धुकेंच असलें म्हणजे त्याला वाटतें कीं प्रकाश फार झाला, आणि तो त्या शुभ्र रंगास ओढून करडा करतो. चित्र मळकट येण्याचें मुख्य कारण हेंच. हिमालयांत बर्फाचीं चित्रें घेणाऱ्यांनाहि हाच अनुभव येतो. उपाय सोपा आहे. यंत्रानें ठरविलेल्या प्रकाशापेक्षां अर्धा ते एक 'स्टॉप' अधिक प्रकाश द्यावा. एक स्टॉप अधिक म्हणजे प्रकाश दुप्पट. मोबाईलमध्यें पडद्यावरील मुख्य वस्तूवर बोट टेकविलें असतां बहुधा सूर्याची लहान खूण दिसते. ती थोडी वर सरकविली कीं काम होतें. मात्र धुकें कोऱ्या कागदासारखें पांढरें फटफटीत होईपर्यंत सरकवूं नये. धुक्यालाहि पोत असतो. तो एकदां जळून गेला म्हणजे मागाहून कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

सूर्याची दिशाहि लक्षांत घ्यावी. धुक्याचे थेंब आपल्यावर पडलेला प्रकाश बहुतांशीं पुढच्याच दिशेस विखुरतात. त्यामुळें सूर्य पाठीशीं असतां धुकें निस्तेज दिसतें आणि सूर्य समोरच्या बाजूस असतां तेंच उजळून निघतें. झाडामागें सूर्य आला तर फांद्यांच्या सांवल्या धुक्यावर पडून प्रकाशाच्या तिरप्या पट्ट्या दिसतात. हें दृश्य फार वेळ टिकत नाहीं, म्हणून जागा आधींच हेरून ठेवावी.

यानंतरचा भाग मांडणीचा. तो नियमांपेक्षां पाहण्याच्या सवयीवर अधिक अवलंबून आहे, म्हणून एक उदाहरण घेऊं. पसरणीच्या घाटांतील एका वळणावरून एखाद्या मुलानें वाईच्या दरीचें चित्र घेतलें आहे असें समजा. चित्राच्या वरच्या अर्ध्या भागांत कोरें आकाश आहे. पांडवगडाचा माथा बरोबर मधोमध आहे. उजव्या कडेस विजेचा खांब अर्धवट आला आहे, खालीं रस्त्याच्या कठड्याचा एक तुकडा आहे, आणि सारें चित्र किंचित् डावीकडे कललेलें आहे. यांतील प्रत्येक वस्तु खरी आहे. तरी पाहणाऱ्याची दृष्टि कोठेंच ठरत नाहीं. कोरें आकाश कांहीं सांगत नाहीं, गड आकाश व धुकें यांच्यामध्यें सांपडून लहान झाला आहे, आणि अर्धा खांब तर सर्वांच्या आधीं नजरेस खेंचून घेतो, कारण चौकटींत सर्वांत काळी व सरळ वस्तु तीच आहे.

याच मुलानें तेथें पुन्हां जाऊन काय करावें? प्रथम त्यानें चित्राचा नायक ठरवावा. धुक्याच्या चित्रास एक तरी ठाम, गर्द वस्तु लागते. तिच्यावांचून पाहणाऱ्यास आधार मिळत नाहीं. पन्नास पावलें पुढेंमागें चालून दरीच्या कडेचें एखादें झाड शोधावें आणि तें चौकटीच्या डाव्या बाजूस, कडेपासून एक तृतीयांश अंतरावर घ्यावें. मग गडाचा माथा उजवीकडे, दूर, फिकट असा येऊं द्यावा. झाड व गड यांच्यामध्यें डोंगराची एखादी सोंड आली तर गर्द, मध्यम आणि फिकट अशा तीन पायऱ्या तयार होतात व दृष्टि एकीवरून दुसरीवर सहज उतरते. खांब टाळण्यासाठीं एक पाऊल बाजूस सरावें. आकाश रिकामें असेल तर त्याचा वांटा कमी करून दरींतील धुक्यास जागा द्यावी. एवढ्यानेंच चित्राचें निम्में काम होतें, आणि या कामास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं.

येथें रिकाम्या जागेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नवशिक्यास रिकामी जागा दिसली कीं ती भरण्याची घाई होते. वास्तविक धुक्याच्या चित्रांत रिकामी जागा हाच मुख्य विषय असतो. जपानमधील हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) या चित्रकारानें घडीच्या दोन पडद्यांवर धुक्यांतील पाइन वृक्षांचें चित्र केवळ शाईनें काढलें आहे. प्रत्येक पडद्यास सहा पानें आहेत. झाडांचे कांहीं पुंजके सोडले तर बहुतेक कागद कोरा आहे. आणि त्या कोरेपणांतच धुकें, थंडी व अंतर हीं तिन्हीं दिसतात. तें चित्र जपाननें राष्ट्रीय ठेवा म्हणून मानलें असून तें तोकियो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्यापासून आपण एवढें शिकावें कीं, रिकामी जागा ठेवण्यास हरकत नाहीं, मात्र ती हेतुपूर्वक ठेवलेली असावी. एक पक्षी, एक होडी, डोक्यावर मोळी घेतलेली एक व्यक्ति एवढी लहान वस्तु जरी तींत असली तरी सारी जागा जिवंत होते.

अशी व्यक्ति योग्य ठिकाणीं येईपर्यंत थांबावें लागतें. छायाचित्राच्या इतिहासांत या धीराचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २२ फेब्रुवारी १८९३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें बर्फाचें वादळ चाललें असतां आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा छायाचित्रकार हातांत लहान कॅमेरा घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर सुमारें तीन तास उभा राहिला. बर्फांतून वाट काढीत येणारी घोड्यांची गाडी जेव्हां त्याच्या मनासारख्या जागीं आली तेव्हां त्यानें कळ दाबली. एवढेंच करून तो थांबला नाहीं. मूळ काचेवरील प्रतिमेंत कडेस आलेला बराच भाग त्यानें छपाईच्या वेळीं कापून टाकला आणि गाडी, चाकोऱ्या व वादळ एवढेंच ठेवलें. चित्र घेणें व चित्र सुधारणें हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, हें यावरून कळून येईल.

पुढें जाण्यापूर्वीं पालकांच्या मनांत येणारी एक शंका सांगतों. घाटांतील रस्त्यावर धुकें असतां गाडीवानास दहा पावलांवरचें दिसत नाहीं. तेव्हां मुलांनीं रस्त्यावर किंवा वळणावर उभें राहून चित्रें घेऊं नयेत; रस्त्यापासून दूर, भक्कम जागीं, कोणा मोठ्या माणसाच्या सोबतीनें घ्यावींत. ओल्या गवतावरून दरीच्या कडेस जाऊं नये. कॅमेऱ्याच्या भिंगावर दंव बसतें, तें मऊ सुती कापडानें हलकेंच टिपावें. थंड झालेला कॅमेरा एकदम उबदार, दमट खोलींत उघडा ठेवला तर त्यावर पाणी धरतें. म्हणून तो पिशवींत बंद ठेवून हळूहळू कोमट होऊं द्यावा.

आतां घरीं आणलेल्या चित्राच्या संस्काराकडे येऊं. पहिली गोष्ट, मूळ चित्र कधींहि बदलूं नये. त्याची प्रत काढावी आणि सारे प्रयोग प्रतीवर करावे. मूळावरच लिहून ठेवलें तर परतीची वाट राहत नाहीं.

दुसरी गोष्ट, चित्र सरळ करावें. धुक्यांत क्षितिज दिसत नसल्यामुळें कॅमेरा कलतो. अशा वेळीं पाण्याची कड, घराचा कोपरा किंवा विजेचा खांब यांचा आधार घ्यावा. डोंगराच्या उतारावर विसंबूं नये, कारण उतार हा तिरपाच असावयाचा.

तिसरी गोष्ट, कातरणी. आपल्या उदाहरणांतील मुलास पुन्हां घाटांत जाणें शक्य नसेल तर त्यानें वरचें निम्में आकाश कापावें, खालचा कठडा कापावा, आणि उजव्या कडेचा खांब जाईल इतकी पट्टी काढावी. मग चित्र लांबट, आडव्या पट्टीसारखें होईल आणि उजवी बाजू कमी झाल्यामुळें गड मधोमध न राहतां थोडा उजवीकडे येईल. दरीचा पसारा दाखविण्यास हा आकार सोईचा आहे. प्रथम कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर ठेवून, त्या पुढेंमागें सरकवून, कोठें कापल्यानें चित्र बोलूं लागतें तें पाहावें. ही जुनी रीत अद्यापि सर्वांत उत्तम आहे.

चौथी गोष्ट, छायाप्रकाशाचा भेद, म्हणजे कॉन्ट्रास्ट. संगणकावरील साध्या चित्रांत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या ० पासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या असतात; ० म्हणजे काळें, २५५ म्हणजे पूर्ण उजेड. किती ठिपके कोणत्या पायरीवर आहेत हें दाखविणारा आलेख बहुतेक यंत्रांत असतो; त्यास हिस्टोग्राम म्हणतात. धुक्याच्या चित्रांत हा आलेख मध्येंच एका टेकडीसारखा गोळा झालेला दिसतो. समजा तो १०० पासून १८० पर्यंत आहे. जवळच्या झाडाच्या खोडास गर्दपणा यावा म्हणून तो आपण ताणून २० पासून २५० पर्यंत नेला, तर ८० पायऱ्यांचा मजकूर २३० पायऱ्यांवर पसरतो. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्यें जवळजवळ तिनाचें अंतर पडतें. मग धुक्याच्या मऊ चढउतारांत जिन्यासारख्या पट्ट्या दिसूं लागतात. म्हणून ताणणें बेताचें असावें. ज्या कॅमेऱ्यांत 'रॉ' स्वरूपाची नोंद ठेवतां येते त्यांत ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्या असतात. तेथें ताणण्यास पुष्कळ वाव मिळतो. आपल्या चित्रांत एकच गोष्ट खरोखर काळी असावी आणि ती म्हणजे जवळचें झाड. दूरचा गड काळा झाला तर अंतरच नाहींसें होईल.

पांचवी गोष्ट, सारें चित्र एकसारखें न बदलतां जेथल्या तेथें बदलावें. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) यानें यांत मोठी कीर्ति मिळविली. योसेमिटी खोऱ्यांतील हिवाळी वादळ निवळत असतांचें त्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे. तो तरुणपणीं पियानो शिकलेला होता, आणि मूळ प्रतिमा म्हणजे संगीताची लिहिलेली लिपि व छापलेलें चित्र म्हणजे तिचें प्रत्यक्ष वादन, अशा अर्थाची तुलना तो करीत असे. अंधाऱ्या खोलींत छपाई करतांना कागदाच्या कांहीं भागावर हाताची आड धरून तो भाग उजळ ठेवणें, आणि कांहीं भागास अधिक प्रकाश देऊन तो गर्द करणें, ही त्या काळची रीत होती. आज तेंच काम पडद्यावर बोटानें करतां येतें. आपण झाडाचें खोड किंचित् गर्द करावें, दरींतील धुक्याचा मधला भाग किंचित् उजळावा, आणि चारी कडा थोड्या मंद कराव्या. दृष्टि आपोआप आंत जाते.

सहावी गोष्ट, रंग. पहांटेच्या धुक्यांत निळसर छटा असते व सूर्य आल्यावर ती सोनेरी होते. यंत्र कधीं कधीं दोन्हीं छटा काढून टाकतें. ज्या वेळेचें चित्र असेल त्या वेळेची छटा ठेवावी. पहांटेस संध्याकाळचें सोनें चढवूं नये. रंगाचें फारसें काम नसेल तर चित्र काळेंपांढरें करून पाहावें. धुक्याचें सौंदर्य बहुतेक छायाप्रकाशाचेंच असल्यामुळें तें त्या रूपांत पुष्कळदां अधिक खुलतें.

सातवी गोष्ट इशाऱ्याची आहे. अलीकडे धूसरपणा एका कळीसरशी काढून टाकणारी सोय, जिला 'डीहेझ' म्हणतात, पुष्कळ यंत्रांत असते. ती भरपूर वापरली कीं दूरचा डोंगर ठसठशीत होतो, आकाश काळवंडतें, आणि ज्याच्यासाठीं पहांटे उठलों तें धुकेंच नाहींसें होतें. मिठासारखी ती वापरावी, किंबहुना उलट दिशेनें सरकवूनहि पाहावी. संस्कार संपले कीं चित्र एक रात्र तसेंच ठेवावें व दुसऱ्या दिवशीं ताज्या डोळ्यांनीं पाहावें. आदल्या दिवशींचा अतिरेक तेव्हां चटकन् ध्यानांत येतो.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो कलेइतकाच सचोटीचा आहे. इतके बदल करावयाचे तर मग चित्र खरें कोठें राहिलें? हा वाद जुना आहे. १८५८ सालीं हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें पांच निरनिराळ्या काचांवरील प्रतिमा जोडून आसन्नमरण मुलीचें एक चित्र तयार केलें. पुष्कळांस तें आवडलें. प्रत्यक्षांत न घडलेला प्रसंग म्हणून कित्येकांस तें खटकलें. पुढें पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) यानें अशा जोडकामास कडाडून विरोध केला. एमर्सननें वैद्यकाचें शिक्षण घेतलें होतें. १८८९ सालीं त्यानें छायाचित्रणांत निसर्गाशीं एकनिष्ठ राहावें असें सांगणारा ग्रंथ लिहिला, आणि १८९५ सालीं 'मार्श लीव्हज्' या पुस्तकांत इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक प्रांतांतील दलदलीचीं, हिवाळ्याचीं व धुक्याचीं सोळा चित्रें प्रसिद्ध केलीं. बोरूच्या चार काड्या, पाण्याचा एक पट्टा, दूर एक झाड, एवढ्यावरच त्यांतील कित्येक चित्रें उभीं आहेत. त्यांत भर घातलेली नाहीं. निवड मात्र फार काळजीपूर्वक केलेली आहे.

आपल्या काळांतील एक उदाहरण याहून बोधप्रद आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तचित्रांच्या जागतिक स्पर्धेंत २०१० सालीं एका छायाचित्रकाराचें पारितोषिक रद्द करण्यांत आलें. त्यानें मूळ चित्राचा मोठा भाग कातरला होता आणि रंग काढून तें काळेंपांढरें केलें होतें. त्यास परीक्षकांनीं दोष दिला नाहीं. परंतु मागें उभ्या असलेल्या माणसाच्या पायाचा लहानसा भाग त्यानें पुसला होता. तेवढ्याकरितां पारितोषिक गेलें. कातरणें म्हणजे आपण कोठें उभें राहून पाहिलें हें ठरविणें होय. पुसणें म्हणजे जें होतें तें नव्हतें असें सांगणें होय.

विद्यार्थ्यांनीं हा भेद मनांत पक्का ठेवावा. सरळ करणें, कातरणें, उजळ किंवा गर्द करणें हें सर्व मोकळेपणानें करावें. खांब पुसला, पक्षी जोडला, किंवा कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून सूर्य घालून घेतला, तर चित्राखालीं तसें स्पष्ट लिहावें. आणि जें चित्र बातमी, शास्त्रीय नोंद किंवा स्पर्धा यांसाठीं द्यावयाचें आहे त्यांत असें कांहींहि करूं नये. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. हिवाळ्यांत मोठ्या शहरांवर जें दाटतें तें पुष्कळदां नुसतें धुकें नसतें. त्यांत धूर व धूळ मिसळलेली असते आणि तिच्या योगानें माणसें आजारी पडतात. असलें चित्र 'डीहेझ' करून स्वच्छ केलें तर तें पाहणाऱ्यास आपण फसवितों. आणि साध्या निर्मळ धुक्यास पिंवळा रंग देऊन विषारी भासविलें तरीहि फसवितोंच. तसेंच आज दरीच्या कडेस उभें असलेलें झाड पन्नास वर्षांनीं तेथें असेलच असें नाहीं. तें होतें याची साक्ष कदाचित् तुमचें चित्रच देईल. तेव्हां ती साक्ष खरी असली पाहिजे.

पालकांस एक विनंती आहे. मुलास महागडा कॅमेरा घेऊन देण्यापेक्षां थंडींतल्या एका सकाळीं त्याच्याबरोबर बाहेर पडावें. त्यानें घेतलेलें चित्र पाहून नुसतें 'छान' म्हणूं नये; यांत तूं काय पाहिलेंस, असें विचारावें. उत्तर देतांना मुलाच्या ध्यानांत आपोआप येईल कीं चित्रांत काय हवें होतें आणि काय नको होतें.

आणि विद्यार्थी मित्रहो, शंभर चित्रें यंत्रांत साठविण्यापेक्षां त्यांतील एक निवडून कागदावर छापून घ्या. त्याच्या पाठीवर जागेचें नांव, तारीख आणि सकाळची वेळ लिहा. कांहीं बदल केला असेल तर तोहि लिहा. तें घरांतील भिंतीवर महिनाभर लावून ठेवा. महिन्यानंतरहि त्याच्याकडे पाहावेंसें वाटलें, तर तें चित्र साधलें असें समजा. न वाटल्यास धुकें पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां येणारच आहे.